पोरींनो, झपाझप चाला

साताऱ्यात आमच्या कॉलनीच्या मैदानावर संध्याकाळी आठवी-नववीतल्या सात-आठ मुली फेऱ्या मारतात. माझी लेकही असते. हातात हात, गप्पा, मध्येच थांबणं. घरी येऊन म्हणते, "आई, पाऊण तास चालले." परवा घड्याळ लावून तिची पावलं मोजली. मिनिटाला ८८.

ही शतपावली झाली. मोठ्या माणसांसाठी मिनिटाला १०० पावलं हा मध्यम व्यायाम धरतात. या वयात १२० च्या आसपास जावं लागतं. मोजायचं नसेल तर सोपी खूण आहे: बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलामुलींना रोज सरासरी ६० मिनिटं निदान एवढा तरी दम लागणारा व्यायाम सांगते. २०१६ च्या आकडेवारीत जगभरातल्या ११ ते १७ वयाच्या ८५ टक्के मुली तिथवर पोचत नव्हत्या. मुलगे ७८ टक्के.

मुली आळशी आहेत असं मला अजिबात वाटत नाही. पाळी आली की "आता मोठी झालीस, धावू नकोस" हे आपणच सांगतो. ओढणी सांभाळत, सपाट चपलांत, कोण बघतंय याचं भान ठेवत कोण झपाझप चालेल? आपल्या जिल्ह्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीची, अंतिम फेरी धावल्या तेव्हा अख्ख्या जिल्ह्याची छाती फुगली होती. मग घरच्या पोरीला "हळू चाल" का? उंची भराभर वाढते त्या दोनेक वर्षांतच मोठेपणीच्या हाडांचा जवळजवळ पाव भाग तयार होतो. नेमक्या त्याच वर्षांत आपण तिला बसवून ठेवतो.

आणि स्पष्टच लिहिते, नीट बसणारी स्पोर्ट्स ब्रा ही गरज आहे, चैन नाही. लेकीला ती आणि लेसचे बूट आणले. आता पहिली फेरी गप्पांची, मग दहा मिनिटं भरभर, एक फेरी सावकाश, पुन्हा दहा मिनिटं. काल १२४ भरली. "आई, छाती धडधडतेय," म्हणाली, जरा घाबरूनच. म्हटलं, धडधडू दे, त्यासाठीच चालतोय.

पण एखादी मुलगी साध्या चालीतही धापा टाकत असेल, लगेच थकत असेल, तर तिला दामटू नका. आधी हिमोग्लोबिन तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला होता. माझ्या लेकीचीही तपासणी मी याच आठवड्यात करून घेतेय.