‘गुपचूप बाप्तिस्मा, चार बायका’: त्या मेसेजला उत्तर

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘काळी नेमप्लेट लावून जोडीनं फिरणाऱ्या मॉर्मन मुलांपासून सावध राहा’ अशी सुरुवात, आणि खाली सहा मुद्दे. घरच्यांना न सांगता बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्यातला विधी) उरकतात. मेलेल्या आजी-आजोबांनाही बाटवतात. चार बायकांची मुभा आहे. पगारातून दहा टक्के कापतात. चहा प्यायला तर हाकलतात. एकदा गेलं की परतीची वाट नाही. हा मेसेज मावशीच्या भिशीच्या ग्रुपवर पोचला आणि तिनं धाकट्या जावेच्या घरी जाणं बंद केलं, कारण जाऊ रविवारी मॉर्मनांच्या, म्हणजे ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या अमेरिकेत निघालेल्या ख्रिस्ती पंथाच्या, चर्चला जाते. सख्ख्या घरात अबोला घडवणाऱ्या मेसेजला उत्तर द्यायलाच हवं.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक आणि सगळ्यात खोटा. या चर्चचं ‘जनरल हँडबुक’ हे नियमपुस्तक इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतं. त्यातलं ३८वं प्रकरण उघडा. विवाहित व्यक्तीला जोडीदाराच्या संमतीशिवाय बाप्तिस्मा द्यायचा नाही. अल्पवयीन मुलाला, ज्यांच्याकडे त्याचा कायदेशीर ताबा आहे त्या पालकांच्या परवानगीशिवाय नाही. आणि ८ वर्षांखालच्या मुलाला तर कुणी परवानगी दिली तरी नाही. तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडायची पद्धतच इथे नाही.

शिवाय हा विधी चोरून उरकण्यासारखा नाहीच. आधी मिशनऱ्यांचे धडे, रविवारच्या सभेला हजेरी, मग मुलाखत. ती धडे देणारा घेत नाही, दुसरा मिशनरी घेतो, आणि दारू, तंबाखू, चहा-कॉफी, दशांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देणं), लग्नाबाहेरचे संबंध यांबद्दल सरळ प्रश्न विचारतो. मग पांढरे कपडे घालून कमरेइतक्या पाण्यात उतरायचं. ठरलेली प्रार्थना शब्द न बदलता म्हटली जाते आणि माणूस पूर्ण पाण्याखाली जातो. दोन साक्षीदार बारकाईनं बघत असतात. पायाचा अंगठा वर राहिला, कपड्याचं टोक तरंगलं, तर पुन्हा पहिल्यापासून. लांब वेणी हमखास वर येते, म्हणून अंबाडा घट्ट बांधलेला बरा. त्यानंतर डोक्यावर हात ठेवून दृढीकरण, म्हणजे सभासदत्व पक्कं करायचा विधी होतो, तेही बहुधा रविवारच्या भरसभेत. यात गुपचूप काय आहे?

गडबड होते ती वेगळ्याच ठिकाणी. नवरा वैतागून ‘तुला हवं ते कर’ म्हणतो आणि तीच संमती धरली जाते. मिशनरी विशीतले असतात, काही जण घाई करतात, हे मान्य. अशा वेळी त्यांना घरी बोलवा आणि नवऱ्यासमोर बसून स्पष्ट विचारायला लावा. तो ‘नाही’ म्हणाला तर बाप्तिस्मा थांबतो. सभेला जायला मात्र बाप्तिस्मा लागत नाही.

आजी-आजोबांच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजानं का होईना, कबूल करतो. मृतांच्या नावे जिवंत माणसानं बाप्तिस्मा घेण्याचा विधी या चर्चच्या मंदिरांत, म्हणजे रविवारच्या सभेच्या जागेहून वेगळ्या, खास विधींच्या वास्तूंत होतो. त्या आत्म्याला तो स्वीकारायची किंवा नाकारायची मोकळीक राहते, अशी त्यांची शिकवण. पण ऊठसूट कुणाचंही नाव देता येत नाही. नावं आपल्याच पूर्वजांची द्यायची, आणि ती व्यक्ती गेल्या ११० वर्षांत जन्मलेली असेल तर तिच्या सगळ्यात जवळच्या हयात नातलगाची परवानगी लागते. म्हणजे नातीनं आजोबांचं नाव द्यायचं ठरवलं आणि आजी हयात असली, तर आजीला विचारावं लागतं. पितृपक्षात पान वाढणाऱ्या घराला ही कल्पनाच बोचेल, हे मला कळतं. म्हणूनच नाव देण्याआधी घरात बोला.

चार बायका? ह्यू फिंडले हा मॉर्मन मिशनरी १८५२ साली पुण्यात होता, छोटी शाखाही निघाली होती. त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत यूटामध्ये बहुपत्नीत्वाची शिकवण उघडपणे जाहीर झाली, आणि इथल्या मिशनऱ्यांना ती भारी पडली. तेव्हा हा आरोप खरा होता. पण १८९० साली चर्चाध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी जाहीरनामा काढून नवी बहुपत्नी लग्नं थांबवली.  १९०४ साली बंदी आणखी कडक झाली. आज दुसरी बायको केली तर सभासदत्व जातं. अजूनही ती प्रथा पाळणारे गट वेगळे आहेत, या चर्चचे नव्हेत. आणि आपल्याकडे धर्म बदलल्यानं हिंदू विवाह आपोआप मोडत नाही. तो कायम असताना केलेलं दुसरं लग्न गुन्हा ठरतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली सरला मुद्गल खटल्यात सांगितलंय.

दशांश पगारातून कुणी कापत नाही. माणूस स्वतः देतो, आणि वर्षाअखेरीला आपण पूर्ण दिला की नाही हे स्वतःच सांगतो. मात्र पूर्ण दशांश न देणाऱ्याला मंदिराचं प्रवेशपत्र मिळत नाही, तेव्हा ‘पूर्ण ऐच्छिक’ म्हणणंही अर्धवट आहे. हिशेब स्वतःच्या उत्पन्नाचा. नवऱ्याच्या पगाराचा दहावा हिस्सा बायकोनं उचलून द्यायचा नसतो. हे आधीच बोलून घेतलं नाही तर महिनाअखेरीला भांडण ठरलेलं.

चहा वर्ज्य आहे, तसंच कॉफी, दारू आणि तंबाखू, म्हणजे मशेरीसुद्धा. पण चहा प्यायला म्हणून कुणाला हाकलत नाहीत; प्रवेशपत्र अडू शकतं. पाहुणी आली तर आलं-गवती चहा उकळून द्या, फक्त पत्ती घालू नका. कोकम सरबत, ताक, मसाला दूध, सगळं चालतं.

परतीची वाट? स्थानिक मंडळीच्या प्रमुखाकडे, म्हणजे बिशप किंवा शाखाध्यक्षांकडे, सहीचा लेखी अर्ज द्यायचा, नोंदीतून नाव काढलं जातं.

आता या मेसेजनं जे सांगायला हवं होतं ते. धर्मांतर करणाऱ्याचा स्वतःचा वारसाहक्क जात नाही. पण हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २६ नुसार धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातलगांच्या मालमत्तेत वारसा मिळत नाही, वारसा उघडताना ती स्वतः हिंदू असतील तरच मिळतो. अनुसूचित जातीचा दर्जा १९५० च्या आदेशानुसार हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे, ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. बाप्तिस्म्याच्या मुलाखतीत यातलं काही विचारत नाहीत. तारीख ठरवण्याआधी वकिलाकडे जा, आणि जोडीदाराला सोबत न्या.