वॉर्निंग कशाची द्यायची, कशाची नाही

सुझॅन कॉलिन्स यांच्या 'द हंगर गेम्स' या कादंबरीवरच्या माझ्या लेखात वॉर्निंग (त्रासदायक मजकुराची आधी दिलेली सूचना) म्हणून "पीटाचा पाय कापतात" असं त्यातल्या एका मुख्य पात्राबद्दल लिहून शेवटाची मजा घालवली, हा तुमचा पहिला आक्षेप. तो पूर्ण मान्य. ती वॉर्निंग नव्हतीच, चक्क स्पॉयलर होता. वॉर्निंगमध्ये पात्राचं नाव आणि घटना येता कामा नये. विषय कोणता, तो प्रत्यक्ष दाखवलाय की नुसता उल्लेख आहे आणि किती पानं चालतो, एवढं पुरतं. "मुलांनी मुलांना मारणं, प्रत्यक्ष, अर्ध्याहून जास्त पुस्तकात, चिघळलेल्या जखमा, सविस्तर" असं लिहिलं असतं तर काहीच फुटलं नसतं. नुसतं "हिंसा" मात्र कुचकामी. 24 मुलांना एकमेकांना मारायला रिंगणात सोडतात, एवढं तर मलपृष्ठावरच कळतं.

"सोळा वर्षांच्या पोरांना एवढं काय जपायचं?" इथे तुमचं अर्धं बरोबर. 2023 साली आलेल्या 12 अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात वॉर्निंगमुळे प्रत्यक्ष त्रास कमी झालेला दिसला नाही. आधीची धास्ती तेवढी वाढली. पण वॉर्निंग बघून लोक पळ काढतात, असंही त्यात आढळलं नाही. तेव्हा "अशाने मुलं पुस्तक हातातच घेणार नाहीत" ही भीतीही सोडून द्या. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचं की सुट्टीत, एवढं वाचणाऱ्याला ठरवता आलं तरी खूप झालं.

तुमचा टोमणा होता, "मग अपंगत्वाचीही वॉर्निंग टाका." ती नाही टाकणार. जखमेची सूचना द्यावी; कृत्रिम पाय लावून जगणाऱ्या मुलाची कशाला? समलिंगी पात्राचंही तेच: त्याला झालेली मारहाण सूचनेत येईल, त्याचं असणं नाही.

आणि पीटा म्हणजे "नुसती टिकमार्क", अपंग पात्र हवं म्हणून घातलेलं, असं नाही. (पुढे स्पॉयलर आहेत, पण तुम्ही वाचलंयच.) स्फोटात नायिका कॅटनिसचा डावा कान बहिरा होतो, तो कॅपिटॉल या सत्ताधारी राजधानीचे डॉक्टर बरा करतात. विज्ञानकथेतली ही जुनी पळवाट: तंत्रज्ञान आहे ना, मग करा दुरुस्त! पीटाच्या बाबतीत सुझॅन कॉलिन्स तिकडे जात नाहीत. रक्तस्राव थांबवायला कॅटनिसने आवळून बांधलेल्या पट्टीने त्याचा जीव वाचतो, पाय जातो तो जातोच. 2012च्या सिनेमात मात्र त्याचा पाय शाबूत ठेवलाय. त्यामुळे फक्त सिनेमा पाहिलेल्यांना हे माहीतच नसतं, आणि लेखात त्यावर दोन परिच्छेद खर्च झाले ते म्हणूनच.

वॉर्निंगमधलं पायाबद्दलचं ते वाक्य आता बदललंय. सविस्तर सूचना लेखाच्या तळाशी नेल्यात, वर फक्त "सूचना शेवटी आहेत" एवढीच ओळ.