आधी हसायचा हक्क त्याचा, ज्याला त्रास झालाय

परवा घरचं इंटरनेट बंद पडलं आणि मी हेल्पलाइनला फोन लावून बसले. ३५ मिनिटं तीच धून आणि मध्ये मध्ये तीच रेकॉर्ड केलेली बाई: "आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे." डोकं नुसतं तापलं होतं. फोन उचलणाऱ्याला काय काय सुनवायचं याची मनात उजळणी चालली होती. शेजारी चित्र काढत बसलेली माझी आठ वर्षांची लेक मान वर न करता म्हणाली, "आई, हिला आपल्याशिवाय कुणीच नाही का गं?"

मी खो खो हसत सुटले. शेवटी एका मुलाने फोन उचलला तेव्हा त्याच्याशी मी नीट बोलले. तक्रार नोंदवलीच, तिचा नंबरही लिहून घेतला. हसलं म्हणजे तक्रार सोडून द्यायची असं मुळीच नाही. फक्त त्या मुलाच्या वाट्याला माझा राग आला नाही आणि माझी संध्याकाळ वाचली.

"एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस?" हे वाक्य मला कधीच पटलेलं नाही. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लॅझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोजच्या ११७ कटकटींची यादी करून ती १०० मध्यमवयीन माणसांकडून दर महिन्याला भरून घेतली होती. आयुष्यातल्या मोठ्या घटनांपेक्षा या बारीकसारीक कटकटींवरूनच मानसिक त्रासाच्या लक्षणांचा अंदाज जास्त चांगला येतो, असं त्यांना आढळलं. मला यात नवल वाटत नाही. मोठ्या दुःखात माणसं धावून येतात. किरकोळ त्रासाची चौकशी करायला कोण येतं? तो आपला आपणच गिळायचा, आणि दिवसातून दहा वेळा.

म्हणून मला वाटतं, त्रास गिळू नये, त्याचा किस्सा करून घरी सांगावा. आमच्या वॉशिंग मशीनवर शेवटी 'एक मिनिट' असं दिसतं आणि ते मिनिट काही केल्या संपत नाही. नवरा एकदा ओल्या कपड्यांची वाट बघत त्याच्यासमोर स्टूल टाकूनच बसला आणि आम्हाला खेळाच्या सामन्यासारखं धावतं वर्णन ऐकवत राहिला. तेव्हापासून घरात कुणी "एक मिनिटात येतो" म्हणालं की बाकीचे विचारतात, "आपलं की मशीनचं?" मशीन अजून तसंच आहे, पण त्याच्यावरून होणारी चिडचिड थांबली. हसण्याचा अभ्यास करणारे रॉबर्ट प्रोव्हाइन यांना दिसलं होतं, की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे ३० पट तो चारचौघांत हसतो. समोर ऐकणारं कुणी असेल तर त्याच त्रासातून हसू निघतं.

पण एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो. त्रास एकाला झालेला असतो आणि विनोद दुसराच करतो. मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली विनोदाच्या चार तऱ्हा सांगितल्या: माणसं जोडणारा, स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि स्वतःलाच कमी लेखणारा. चारही वेळा लोक हसतात, पण तिसऱ्या प्रकारात एक जण हसत नसतो. दमून घरी आलेल्या बाईला "हसून सोडून दे गं" म्हणणं हे तिचं बोलणं बंद करणं आहे. आधी तिचं ऐकून घ्या. हसायचं की नाही, कधी आणि कशावर, हे तिलाच ठरवू दे.

काल लेकीने तासभर खपून टॅबवर काढलेलं चित्र सेव्हच झालं नाही. ती रडायला लागली. माझ्या ओठांवर एक गंमत आली होती, मी ती आवरली आणि नुसती तिच्याजवळ बसून राहिले. बऱ्याच वेळाने नाक पुसत ती म्हणाली, "आई, त्या हेल्पलाइनवाल्या बाईला फोन लाव. तिला तरी आपलं महत्त्व आहे."