दोन पलंग आणि पंधरा मिनिटं

क्वीअर, म्हणजे समलैंगिक, ट्रान्स वगैरे माणसांवरच्या शॉर्टफिल्मचा एक साचा आता पाठ झालाय. आरशासमोर उभं पात्र, मागे पियानो, बापाने लगावलेली थोबाडीत, आईचं रडणं, मग गच्चीचा कठडा, काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत आत्महत्यांची आकडेवारी. यातलं दुःख खोटं नसतं. पण तिसऱ्याच मिनिटाला शेवट कळलेला असतो आणि पडद्यावरचं माणूस हळूहळू नुसता मुद्दा होऊन बसतं.

हा साचा आभाळातून पडलेला नाही. पडद्यावर काय दाखवायचं नाही हे ठरवणाऱ्या हेज कोड या नियमावलीची हॉलिवूडमध्ये १९३४ पासून कडक अंमलबजावणी सुरू झाली आणि समलैंगिकता 'विकृती'च्या खात्यात टाकून पडद्यावरून हद्दपार झाली. पुढे बंदी सैल झाली तेव्हा अशी पात्रं आली खरी, पण बरीचशी मरण्यापुरती. चित्रपट-अभ्यासक व्हिटो रुसोने 'द सेल्युलॉइड क्लोजेट' या पुस्तकात त्या मृत्यूंची यादीच छापली, कोण कशाने मेलं यासकट. त्याच्याच नावाने 'ग्लाड' या माध्यमांतल्या क्वीअर चित्रणावर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकी संस्थेने २०१३ मध्ये एक चाचणी आणली. चित्रपटात क्वीअर पात्र आहे का, क्वीअर असण्यापलीकडे त्याला काही आयुष्य आहे का, आणि ते काढलं तर कथा ढासळते का. शॉर्टफिल्ममध्ये पात्रंच दोन-तीन, त्यामुळे पहिला आणि तिसरा प्रश्न फुकटात सुटतात. नापास होतात त्या दुसऱ्यात. ती मुलगी पोटापाण्यासाठी काय करते, कशावर चिडते, कुणाचे पैसे थकवून बसलीये, हे अख्खी फिल्म पाहूनही सांगता येत नाही.

आता लांबी. फ्रान्समधल्या कान फिल्म फेस्टिव्हलच्या स्पर्धेत शॉर्टफिल्मला श्रेयनामावली धरून १५ मिनिटांची मर्यादा आहे, ऑस्करला ४०. म्हणून काही जण ३५ मिनिटांची करतात आणि तिथेच फसतात. फेस्टिव्हलात शॉर्टफिल्म एकेकट्या दाखवत नाहीत, गठ्ठ्याने दाखवतात. ९० मिनिटांच्या खेळात १५ मिनिटांच्या सहा बसतात. तुमची ३५ची घ्यायची तर दुसऱ्या दोघांना घरी पाठवावं लागतं, आणि तेवढी ती चांगली असावी लागते. पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, तेव्हा श्रेयनामावली वजा जाता हातात चौदा पानं. त्यात ओळख, आपलेपणा आणि पूर्वग्रह हे अशा फिल्मचे नेहमीचे तिन्ही विषय कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला एकेक भाषण येतं. एकच धरा.

माझं मत विचाराल तर पूर्वग्रह दाखवायला पूर्वग्रह बाळगणारं माणूस पडद्यावर लागतच नाही. समजा, दोन पुरुष जोडीदार एकत्र राहतात. एकाचे आईवडील मुक्कामाला यायचेत. दोघं काही न बोलता जोडलेले पलंग ओढून वेगळे करतात. एक टूथब्रश कपाटात जातो. भिंतीवरचा फोटो उतरतो, खिळा राहतो. कॅमेरा जमिनीलगत. पलंगाचे लोखंडी पाय जिथे होते तिथे फरशीवर गंजाचे गोल डाग. एक जण ओल्या फडक्याने घासतो, जात नाहीत. मग तो पायपुसणं सरकवून त्यावर टाकतो. बेल वाजते. चाळीस सेकंद, संवाद शून्य.

हा सीन बिघडतो तो आवाजात. पलंग ओढल्याचा कर्कश आवाज एडिटमध्ये 'साफ' करतात आणि वर व्हायोलिन चढवतात. अहो, तो आवाज हाच तर सीन आहे! शूटच्या दिवशीच माइक फरशीजवळ ठेवून तो तीन-चार वेळा वेगळा रेकॉर्ड करून घ्या. आणि ओढायला आधी कोण वाकतो, तेही ठरवा. ज्याचे आईवडील येणार तो वाकला तर ती लाज, दुसरा वाकला तर ती सवय. दोन वेगळ्या फिल्म आहेत त्या.

म्हणून आत्महत्या हा विषयच वर्ज्य, असं नाही. १९९५ मध्ये ऑस्कर विभागून मिळवणारी 'ट्रेव्हर' ही शॉर्टफिल्म तेरा वर्षांच्या गे मुलाच्या आत्महत्येच्या प्रयत्नापर्यंत जाते, पण तिची चाल विनोदी आहे आणि मुलगा जगतो. १९९८ मध्ये ती टीव्हीवर दाखवायची ठरली, तेव्हा सोबत देण्यासाठी अशा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर शोधला गेला. मिळाला नाही, म्हणून फिल्म करणाऱ्यांनी हेल्पलाइनच सुरू केली. 'ट्रेव्हर प्रोजेक्ट' ती हीच. काळ्या पाटीवरच्या आकडेवारीपेक्षा एक चालू नंबर बरा. फक्त तो स्वतः लावून पाहिल्याशिवाय छापू नका.

मराठीत फिल्म करणाऱ्यांच्या हाती एक गोष्ट आहे जी इंग्रजीवाल्यांकडे नाही. आपल्याकडे 'मी' म्हटलं की पुढचं क्रियापद बऱ्याचदा लिंग सांगून टाकतं. घरच्यांनी मुलगा मानलेली ट्रान्स मुलगी घरात 'मी येतो' म्हणते, फोनवर मैत्रिणीला 'मी येते'. फरक एका कान्याचा. (काही बोलींत बायकाही 'येतो' म्हणतात, तेव्हा पात्र कुठल्या बोलीचं आहे ते आधी पक्कं करा.) सबटायटलात मात्र दोन्हीकडे 'आय ॲम कमिंग' येतं आणि परदेशी ज्युरीच्या डोक्यावरून सीन निघून जातो. यावर सबटायटलात इलाज शोधत बसू नका. तिथे दोन ओळी आणि ओळीला साधारण ४२ अक्षरं एवढीच जागा असते. इलाज पटकथेत आहे. आईसमोर ती चुकून 'येते' म्हणून गेली आणि आईचा हात घडी घालता घालता थांबला, की जगात कुणालाही कळतं.

बक्षिसांबद्दल थोडक्यात. बर्लिन फेस्टिव्हलच्या टेडी या क्वीअर फिल्मसाठीच्या पुरस्कारात १९८७ च्या पहिल्याच वर्षी अमेरिकी दिग्दर्शक गस व्हॅन सँटला शॉर्टफिल्मसाठी गौरवलं गेलं. पण मला सगळ्यात शहाणं वाटतं ते वेल्समधल्या कार्डिफचं, क्वीअर शॉर्टफिल्मसाठीचं आयरिस प्राइझ. ३० हजार पौंड मिळतात आणि ते पुढची शॉर्टफिल्म करण्यासाठी असतात. ट्रॉफी कपाटात राहते, हे पैसे कॅमेऱ्यापर्यंत जातात. कुठेही पाठवायच्या आधी नियमांतली प्रीमियरची अट, म्हणजे फिल्म आधी कुठे दाखवलेली चालते, ती वाचा. उत्साहाच्या भरात यूट्यूबवर टाकलेली फिल्म काही ठिकाणी तिथल्या तिथे बाद होते.

फिल्म ऑनलाइन येणार असेल तर आणखी एक काम शूटच्या आधीच उरका. फेस्टिव्हलच्या अंधाऱ्या हॉलमध्ये दिसायला तयार असलेला नट किंवा माहितीपटातला माणूस घरच्यांच्या फोनवर दिसायला तयार असतोच असं नाही. दोन्हींची संमती वेगवेगळी, लेखी घ्या. पोस्टरवर चेहरा चालेल का, यूट्यूबच्या थंबनेलवर कुठली फ्रेम चालेल आणि श्रेयनामावलीत नाव कसं लिहायचं, तेही त्याच कागदावर. सगळं झाल्यावर कुणी नाव बदलून मागितलं, तर ते एका अक्षरासाठी का असेना, थिएटरची फाइल पुन्हा बनवावी लागते.