पौर्णिमेला गरी? खाडीत नको

'पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला गरीला सर्वांत जास्त मासा लागतो' हे गरीच्या (गळाच्या) मासेमारीवरच्या लेखातलं वाक्य नवशिक्यांची फसगत करणारं आहे. खडकावर असेलही, पण खाडीच्या तोंडाशी नाही. रत्नागिरीजवळच्या भाट्येच्या खाडीवर वीस वर्षं गरी टाकतोय. ऐन उधाणात पाण्याला इतकी ओढ असते की दोरीला बांधलेलं शिशाचं वजन तळाला ठरतच नाही, घरंगळत जाऊन कुठल्या तरी दगडात अडकतं. शिवाय चिखल उठून पाणी गढूळ होतं आणि दोरीला सारखा पालापाचोळा लागतो. मला जिताडा आणि तांबोशी मिळाली ती बहुतेक षष्ठी-सप्तमीच्या सुमारास, भांगाकडे (कमी चढ-उताराच्या भरती-ओहोटीकडे) झुकलेल्या पाण्यात, जिवंत कोळंबीवर. त्यातही भरतीचा शेवटचा तास. पाणी थबकतं, बोटावरची दोरी सैल पडते आणि मग एकदम जड झटका बसतो!

भरतीच्या वेळेचा आपल्याकडचा सोपा हिशोबही लेखात हवा होता: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ. षष्ठीला साधारण साडेचारला भरती, अष्टमीला सहाला. वेळ थोडी इकडेतिकडे होते, पण आजोबांनी शिकवलेल्या या हिशोबावर मी आजही घरातून निघतो. आणि कृपा करून पावसाळ्यात कोणाला खडकावर पाठवू नका, शेवाळावरून पाय कधी सरकतो ते कळतही नाही.