कायझेनच्या नावानं चांगभलं

आज डोकं फिरलंय, आधीच सांगतो. चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या प्लांटमध्ये अकरा वर्षं झाली मला, मशिन शॉपला लाइन सुपरवायझर आहे, आणि आज सकाळी साहेबांच्या सांगण्यावरून मी काय केलं माहितीय? चांगला लावलेला टूलचा रॅक घाण केला. मुद्दाम. बोर्डवरचे पाने, ऍलन की सगळं काढून खाली ओतलं, वर दोन तेलकट बोळे टाकले आणि फोटो काढला. का, तर कायझेन, म्हणजे कामात केलेली छोटीशी सुधारणा, तिच्या शीटमध्ये 'आधी'चा फोटो नव्हता. रॅक पोरांनी दोन महिन्यांपूर्वीच लावलेला, स्वतःहून, तेव्हा फोटो काढायचं कुणाच्या डोक्यात येणार. पण परवा कस्टमर ऑडिट, आणि आमच्या डिपार्टमेंटची कायझेन या महिन्यात कमी पडतायत म्हणे. मग करा पसारा, काढा फोटो, लावा परत, काढा परत फोटो. पंचवीस मिनिटं गेली त्यात, ती कुठल्या लॉसमध्ये टाकायची ते मात्र कोणी बोललं नाही.

आता कोणी म्हणेल हा जुना माणूस, याला नवीन काही नकोच असतं. तसं नाहीये राव. फाइव्ह एस, म्हणजे प्रत्येक वस्तू ठरल्या जागी आणि स्वच्छ ठेवायची पद्धत, आलं तेव्हा सगळ्यात आधी मीच उड्या मारल्या होत्या, कारण बोअर गेज, म्हणजे भोकाचं माप घ्यायचं साधन, शोधायला सेकंड शिफ्टवाल्याला फोन करायची पाळी यायची माझ्यावर, आता हात घातला की गेज हातात. पद्धत सोन्यासारखी आहे. राबवणाऱ्यांनी तिची पार माती केलीय.

ऍन्डनचंच घ्या, म्हणजे अडचण आली की बटण दाबून दिव्यानं सांगायची सोय. लाइनवर दिवे लावले, हिरवा पिवळा लाल, प्रत्येक मशिनला बटण, उद्घाटनाला नारळ फोडला, पेढे वाटले. साहेब भाषणात म्हणाले की टोयोटाच्या मूळ पुरुषाचा माग होता, धागा तुटला की आपोआप थांबायचा, खराब कापड विणायचाच नाही, तसं आपल्याकडे प्रत्येक ऑपरेटरला लाइन थांबवायचा अधिकार आहे. टाळ्या. मीपण वाजवल्या.

तीन आठवड्यांनी नाइटला आमच्या बीडच्या एका पोरानं चार नंबरच्या मशिनवर लाल बटण दाबलं. पीस पकडून ठेवणाऱ्या फिक्श्चरचं क्लॅम्पिंग प्रेशर 50 बारला पाहिजे, काटा 35 वर, ते प्रेशर देणाऱ्या पॉवर पॅकमधून तेल गळतंय, पीस कटिंगमध्ये हलतोय. अगदी बरोबर दाबलं त्यानं. वीस मिनिटं लाइन बंद राहिली. सकाळच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न काय आला? "कोणाला विचारून थांबवली?" सगळ्यांसमोर झापला त्याला, पोरगं कंत्राटी, सात महिन्यांनी कामावरून ब्रेक देतात यांना, परत घेतील का नाही याची रोज धाकधूक, ते कशाला परत बटणाला हात लावतंय? कोणीच नाही लावला. पुढच्या आठवड्यात त्याच मशिनवर एका रात्रीत 212 पीस बोअर ओव्हरसाइज, सगळे भंगारात.

मग बसली वरची मंडळी एसी कॉन्फरन्स रूममध्ये, समोसे मागवले, 'पाच वेळा का' करायला, म्हणजे मूळ कारण सापडेपर्यंत का, का विचारत जायचं. बोअर का मोठं झालं? पीस हलला. का हलला? क्लॅम्प नीट नव्हता. का नव्हता? ऑपरेटरनं चेक केलं नाही. का नाही केलं? लक्ष नव्हतं. का नव्हतं? ट्रेनिंग कमी पडलं. उपाय: ऑपरेटरला री-ट्रेनिंग. सही करा. क्लोज. मी मध्ये बोललो की साहेब, पॉवर पॅकच्या सीलची ब्रेकडाउन स्लिप महिनाभर मेंटेनन्सकडे पडून आहे, तर म्हणाले, "तुम्ही एक्सक्यूज देऊ नका."

अहो, टोयोटाची ही पद्धत घडवणाऱ्या ज्या ताइची ओनोंचं नाव तुम्ही दर ट्रेनिंगला घेता, त्यांचं स्वतःचं उदाहरण तरी वाचा एकदा! मशिन बंद पडलं, का, तर फ्यूज उडाला. का, तर ओव्हरलोड. का, तर बेअरिंगला तेल कमी. का, तर पंप तेल ओढत नव्हता, पंपाचा शाफ्ट झिजला होता. तो का झिजला, तर गाळणी नव्हती, धातूचा कचरा आत गेला. उपाय काय? गाळणी बसवा! माणसाच्या बोकांडी बसा असं कुठंय त्यात?

आणि तो गेम्बा वॉक, म्हणजे साहेबांनी प्रत्यक्ष कामाच्या जागी फिरून बघणं! ओनो म्हणे शॉप फ्लोअरवर खडूनं गोल काढायचे आणि मॅनेजरला त्यात तासन्‌तास उभं करायचे, काम नीट बघायला. आमचे साहेब दहा मिनिटांत अख्खं शॉप संपवतात, मागे एचआरवाली बाई मोबाइलवर शूटिंग करत, आणि यायच्या आधी आम्हाला फोन येतो की चार नंबरखालचा तेलाचा ट्रे लपवा. म्हणजे जे बघायला येतात तेच आम्ही आधी उचलून ठेवतो.

कॅलिफोर्नियात फ्रिमॉन्टला जीएमचा, म्हणजे जनरल मोटर्सचा, एक प्लांट होता, कामगार बेकार म्हणून बदनाम, 1982 ला बंद केला. 1984 ला टोयोटानं जीएमबरोबर तोच चालू केला, कामगार बहुतेक तेच जुने, युनियन तीच, फक्त अडचण आली म्हणून लाइनवरची दोरी ओढली की टीम लीडर धावत यायचा मदतीला, शिव्या घालायला नाही. क्वालिटी कुठल्या कुठं वर गेली. हे मी मीटिंगमध्ये सांगितलं तर म्हणतात, "आपल्याकडची माणसं तशी नाहीत." माणसं म्हणजे कोण, आम्ही का तुम्ही?

तेच डेमिंगचं, क्वालिटीचे ते अमेरिकन गुरू. त्यांच्या 14 मुद्द्यांत सरळ आहे की भीती काढा, घोषणा आणि पोस्टर काढा. आमच्या कॅन्टीनबाहेर त्याच डेमिंगच्या फोटोचा दहा फुटी फ्लेक्स लावलाय, खाली घोषणा.

असो. सकाळचं सांगत होतो. रॅक परत लावताना 'नंतर'च्या फोटोला साहेबांनी त्याच बीडच्या पोराला उभं केलं, हातात पाना दिला आणि हस म्हणाले. हसला बिचारा. फोटो झाल्यावर हळूच मला विचारतो, "दादा, सील आलं का?"

नाही आलं. काटा अजून 35 वरच आहे.