आजोबांची 1930 सालची पावती

बेळगावकडच्या खानापूरच्या जंगलपट्ट्यात तुमचं घर असेल आणि वनहक्क कायद्याखाली राहत्या-कसत्या रानावर दावा घालायचा असेल, तर पहिल्यांदा आजोबांना उठवा. वारले असतील तरी उठवा. अनुसूचित जमातीच्या यादीत तुम्ही नाही ना? मग 13 डिसेंबर 2005 च्या मागची 75 वर्षं, म्हणजे तीन पिढ्या, तुम्ही रानातच होता हे दाखवायचंय. वजाबाकी केली की 1930 येतं. राज्य इंग्रजांचं, जंगलाला 1927 चा कायदा, आणि आजोबा त्याच जंगलात, गार्डाची चाहूल लागली की झुडपाआड. तेव्हाच पुढं येऊन ‘मी इथं राहतो’ अशी शिक्क्याची पावती घेतली असती त्यांनी, तर आज तुमचे हेलपाटे वाचले असते. हयगय त्यांची, भोगा तुम्ही.

भीमगडकडचे असाल तर आणखी सांभाळून. 2011 साली अभयारण्य झालं आणि तळेवाडी, गवाळी, आमगाव ही गावं रातोरात वाघाच्या घरात घुसलेली ठरली.

देवराईचं नाव काढू नका. पिढ्यान्‌पिढ्या गावानं तिथली वाळकी काटकी उचलली नाही, ही अंधश्रद्धा. राखण म्हणजे फलक आणि कुंपण. आमच्याकडं यात्रेआधी वार पाळणूक असते, त्या वारी गावात कुणी औत धरत नाही. धरलंच तर देवस्की पंच, म्हणजे गावदेवाचं बघणारे, दंड सांगतात आणि माणूस निमूट भरतो. सगळं एका दवंडीवर चालतं. पण दवंडीची झेरॉक्स निघत नाही.

एल्फिन्स्टनसाहेबाला याची कदर होती. पेशव्यांचा मुलूख हाती आल्यावर 1819 च्या अहवालात त्यानं लिहिलं, दिवाणी न्यायाचं मुख्य साधन पंचायतच राहू द्या. 1827 ला त्याच्याच नावानं ओळखली जाणारी कायद्याची संहिता आली आणि न्याय कचेरीत जाऊन बसला. तारीफ करून घरी धाडायची रीत तेव्हापासूनची.

आता पंचही काही धुतल्या तांदळाचे नव्हेत. वाळीत टाकायला त्यांनी कधी मागंपुढं पाहिलं नाही, आणि आमच्या गावात पंचांच्या रांगेत बसलेली बाई मी अजून पाहिलेली नाही. गावातले दावे तपासणाऱ्या वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बायका हव्यात, असं कायद्यानं घातलंय. घाबरू नका. यादीत बायकोचं नाव घाला, बैठकीला तुम्ही जा. याला पंचांची हरकत नसते, कचेरीचीही नसते. दोघांचं एकमत बघायचं असेल तर ते एवढ्यापुरतंच.

आणि नियमांत काय लिहिलंय ते कचेरीत बोलून दाखवू नका. वडीलधाऱ्यांचा जबाब, जुनी विहीर, स्मशान, देवस्थान, हे सगळं तिथं पुराव्यात धरलंय. आमच्या थोरल्या काकांनी बोलून बघितलं.

“साहेब, ही हीर माझ्या पणज्यानं काढली.”

साहेबांनी कन्नडात काहीतरी लिहिलं, चष्मा कपाळावर सरकवला. “अज्जा, हिरीचा उतारा कुठाय?”

“उतारा नाही. पाणी आणलंय.”

काकांनी पिशवीतली बाटली टेबलावर ठेवली. साहेब दोन घोट प्यायले, गोड आहे म्हणाले आणि अर्ज परत दिला. बाटली ठेवून घेतली.